तार तिथे होती

अनंतराव लवाट्यांचं छायाचित्रणाबद्दल एकच मत होतं. पण ते एक असूनही अख्ख्या सोसायटीला पुरून उरायचं. खटका दाबण्याआधी माणसाने हवं ते करावं. पावडर लावावी, पोट आत घ्यावं, भाड्याने फेटा आणावा, वाटल्यास शेजाऱ्याच्या मोटारीला स्वतःची असल्यासारखं टेकून उभं राहावं. पण एकदा खटका दाबला की संपलं. त्यानंतर फोटोत फेरफार करणं म्हणजे लबाडी. साधीसुधी लबाडी नव्हे, तर पेपर जमा केल्यावर खिडकीतून शिरून उत्तरं दुरुस्त करण्यासारखी लबाडी. अनंतरावांची सगळी नोकरी कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळण्यात गेली होती, आणि लंबकाच्या प्रयोगात आधी उत्तर लिहून मग लंबक हलवणारी पोरं पाहून पाहून त्यांचा स्वभाव असा झाला होता.

"अहो, मग तुम्ही केसांना कलप लावता ती कुठली सचोटी?" वासंतीबाई विचारायच्या.

"कलप फोटोच्या आधी लावतात."

"आणि ज्या दिवशी फोटो नसतो त्या दिवशी?"

यावर अनंतराव चष्मा पुसायला घेत. त्यांच्या संसारातले बरेच वाद चष्मा स्वच्छ होण्यावर संपले होते.

पेठेतलं घर सोडून हे कुटुंब धायरीला राहायला आलं, आणि इथल्या सोसायटीला गणपतीत छायाचित्र स्पर्धा भरवायची हौस होती. परीक्षक अर्थातच अनंतराव. नियमही त्यांनीच लिहिले. त्यातला एकच नियम लोकांच्या लक्षात राहिला, कारण तोच लोकांना लागायचा: काढल्यानंतर फेरफार केलेलं छायाचित्र बाद. या नियमाचा पहिला बळी म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले बाबुराव. मार्केट यार्डातला मिरचीचा गाळा मुलांच्या हवाली करून ते निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाने काहीतरी करावं म्हणून पहाटे उठून त्यांनी पर्वतीचा फोटो काढला. कळसाच्या बरोबर मधून विजेची एक तार जात होती, ती सुनेने मोबाइलवर पुसून दिली. फोटो देखणा झाला. भर मांडवात, माइकवरून अनंतराव म्हणाले, "तार तिथे होती, बाबुराव."

त्याच वर्षी वासंतीबाईंनी मोदकांचा फोटो दिला होता, तो किंचित उजळ केलेला आढळला आणि तोही बाद झाला. पहिलं बक्षीस सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला मिळालं. तिच्यात काही सुधारणा करावी असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उपम्यात मीठ नव्हतं. अनंतरावांनी बरणीकडे हात नेला तेव्हा वासंतीबाई शांतपणे म्हणाल्या, "अहं. आता वरून मीठ घालणं म्हणजे लबाडी नाही का?"

अनंतरावांनी अळणी उपमा तत्त्व म्हणून खाल्ला. दुसऱ्यांदाही घेतला.

अशा या वासंतीबाई कार्तिकात, घराघरांवरचे आकाशकंदील अजून उतरायचे असताना, गेल्या. सकाळी त्यांनी "गॅस बंद केलात ना?" असं विचारलं होतं, आणि दुपारी त्या नव्हत्या. गॅस बंद होता.

मधले दिवस माणसांच्या येण्याजाण्यात गेले. मग एका सकाळी सलील, म्हणजे त्यांचा मुलगा, म्हणाला, "बाबा, तेराव्याला आईचा एक चांगला फोटो लागेल. मोठा. हार घालायला."

"एक?" अनंतरावांना त्या दिवसांतही थोडा राग आला. "या घरात फोटो शोधायला लागणार आहे का?"

त्यांनी कपाट उघडलं. अल्बमांची चळत बाहेर काढली. सलील आणि त्याची बायको स्पृहा जमिनीवर बसली आणि पानं उलटू लागली. पहिला अल्बम संपला. दुसऱ्याच्या मध्यावर स्पृहाने हळूच सासऱ्यांकडे पाहिलं.

एकाही फोटोत वासंतीबाईंचे डोळे उघडे नव्हते.

सिंहगडावर बंद. महाबळेश्वरला बंद. कन्याकुमारीला समुद्राकडे तोंड करून, तीन समुद्रांचा संगम पाहत असल्याच्या आविर्भावात, बंद. अजिंठ्याला तर त्यांच्या मागच्या बुद्धाचे डोळे त्यांच्यापेक्षा जास्त उघडे होते. एकूण पाहणाऱ्याला असं वाटावं की ही बाई भारतभर झोपेत फिरली आणि नवऱ्याने ते चिकाटीने नोंदवून ठेवलं.

कारण अवघड नव्हतं. अनंतराव खटका पटकन दाबत नसत. "हं, थांब. हलू नकोस. मान जरा. तेवढी नाही. थांब. ढग जाऊ दे." ढग जाईपर्यंत वासंतीबाई डोळे ताणून उभ्या राहत, आणि ढग जायला आणि पापणी पडायला गाठ पडे. प्रत्येक वेळी. प्रकाश मात्र सगळ्या फोटोंत उत्तम होता.

मोबाइल आल्यानंतरचे फोटो तरी असतील म्हणून सलीलने स्वतःचा फोन चाळला. त्यात आईने केलेल्या पुरणपोळ्यांचे पुष्कळ फोटो होते. एकात वाढणारा हात होता. सलीलने फोन उलटा ठेवला आणि उगाच पाणी प्यायला गेला. सलील-स्पृहाच्या लग्नाचा अल्बम होता. पण त्यातल्या फोटोग्राफरने सगळ्यांचीच कातडी अशी गुळगुळीत केली होती की वासंतीबाई आणि त्यांच्या विहीणबाई एकाच साच्यातल्या बाहुल्या दिसत. राहता राहिलं आधार कार्ड. त्यावर डोळे उघडे होते. पण आधार कार्डावर माणूस जसा दिसतो तसा त्याला आठवावं असं त्याच्या वैऱ्यालाही वाटत नाही.

"मिटलेलेच राहू देत," अनंतराव म्हणाले. महाबळेश्वरचा फोटो त्यांनी टेबलावर उभा करून ठेवला. "शांत दिसते."

संध्याकाळी बाबुराव आले. या दिवसांत ते रोज येत, काही न बोलता बसत आणि चहा कोणी केला तरी स्वतः गाळत. फोटोकडे पाहून त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "अनंतराव, हा... हॉस्पिटलातला का?"

"महाबळेश्वरचा आहे. हातात स्ट्रॉबेरी आहेत, बाबुराव. हॉस्पिटलात स्ट्रॉबेरी देतात का?"

"नाही, म्हणजे... लोक विचारतील हो."

लोकांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकहून आलेल्या मावशी तर त्या फोटोपुढे पदर डोळ्यांना लावून "किती शांतपणे गेली गं" म्हणाल्या. फोटो कपाटात गेला.

मग स्पृहा कामाला लागली. तिने फोनवर महाबळेश्वरच्या फोटोला डोळे बसवून पाहिले. डोळे सलीलचे घेतले, कारण सलीलचे डोळे आईवर गेलेत असं सगळे म्हणतात. काम सफाईदार झालं होतं. पण फोटोतल्या वासंतीबाई अनंतरावांकडे अशा नजरेने बघत होत्या, की आता कोणत्याही क्षणी गाडीची किल्ली मागतील.

"बाबा, कसा वाटतोय?"

"ही वासंती नाही. हा साडी नेसलेला सलील आहे," अनंतराव म्हणाले. नेहमीच्या कोरड्या सुरात म्हणाले. पण चष्मा पुसायला घेतला तो बराच वेळ पुसत राहिले.

उघड्या डोळ्यांचा धड असा एकच फोटो जगात होता, आणि तो कुठे आहे ते अनंतरावांना पहिल्यापासून माहीत होतं. तो अल्बममध्ये नव्हता. दरवर्षी स्पर्धेआधी ते एक छोटं शिबिर घेत, त्यात 'फोटो कसा काढू नये' हे दाखवायला जी पाकिटं होती, त्यातल्या पहिल्याच पाकिटात तो होता.

कात्रजच्या सर्पोद्यानातला फोटो. अजगराच्या काचेपुढे दोघांचा एकत्र फोटो हवा म्हणून अनंतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा परक्याच्या हातात दिला होता. तो कोणी एक कॉलेजातला मुलगा, दुसऱ्या हातात बर्फाचा गोळा. अनंतराव त्याला प्रकाश कुठून येतो हे समजावून सांगत होते आणि डावा हात वासंतीबाईंच्या खांद्यावर ठेवून त्यांना उजेडात सरकवत होते. मागे अजगर हलला. वासंतीबाईंनी घाबरून खांद्यावरचा हात घट्ट धरला, आणि स्वतःच्या घाबरण्याचंच त्यांना हसू आलं. तेवढ्यात त्या मुलाने, कोणालाही थांब न म्हणता, खटका दाबून टाकला. गोळा वितळत होता.

त्या फोटोत वासंतीबाई होत्या, हसत, डोळे टक्क उघडे. मागे अजगर होता. अनंतराव चौकटीच्या बाहेर राहिले होते. त्यांचा फक्त डावा हात मनगटातल्या घड्याळासकट आत आला होता, आणि त्यावर वासंतीबाईंची बोटं. दरवर्षी शिबिरात ते हा फोटो वर धरत आणि म्हणत, "हा बघा रचनेचा खून." हाताभोवती त्यांनी लाल पेनने गोल काढला होता, आणि बाजूला लिहिलं होतं, 'अनावश्यक.'

शेवटी अनंतरावांनी ते पाकीट आणून दिलं. सलीलने तो फोटो पाहिला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. "हाच," तो म्हणाला.

"अगदी वहिनी," बाबुराव म्हणाले. मग जवळ घेऊन पाहिलं. "पण हा हात कोणाचा?"

"माझा."

"मग नाही चालायचा."

"का?"

"अहो, हार घालायचाय ना याला? जिवंत माणसाला तसला हार घालत नाहीत. आयुष्य कमी होतं."

"सबंध मी नाहीये त्यात. मनगटापर्यंत आहे."

"मनगटापर्यंत कमी होईल. कशाला विषाची परीक्षा?" बाबुरावांनी थोडा विचार केला. मग, शोकाच्या घरात बोलू नये हे कळत असूनही राहवलं नाही म्हणून, फोटोकडेच बघत म्हणाले, "पुसता येतो तसा. तार पुसतात तसा."

अनंतरावांना आयुष्यात पुष्कळदा उत्तर सुचलं नव्हतं, पण ते वासंतीबाईंसमोर. बाबुरावांसमोर ही पहिलीच वेळ.

"बाबा, आईसाठी," सलील म्हणाला.

ज्या माणसाने बायकोचे मोदक बाद केले होते, तो दुसऱ्या दिवशी धायरी फाट्याजवळच्या 'सुदर्शन डिजिटल'च्या पायऱ्या चढला. चढण्याआधी ओळखीचं कोणी बघत नाही ना, हे त्याने पाहून घेतलं. दुकानाचा मालक सुदर्शन अकोल्याकडून आलेला, बोलायला गोड माणूस. पासपोर्ट फोटोपासून नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सपर्यंत सगळं करायचा, त्यामुळे भिंतीवर एकाच गृहस्थाचे हसरे चेहरे वेगवेगळ्या फेट्यांत लटकत होते.

"होऊन जाते ना काका. लाल गोलबी काढतो, हातबी काढतो. मागचा साप ठेवायचा का?"

"अजगर. आणि नको."

"मंग मागं स्वर्ग टाकू? ढग, जिने, वरून उजेड. लई चालते आजकाल."

"ती गेली हे खरं आहे," अनंतराव म्हणाले. "कुठे गेली ते मला नक्की माहीत नाही. अंदाजाने छापू नका."

सुदर्शनने मान हलवली आणि साधी निळी पार्श्वभूमी धरली. हात पुसायचं काम त्याने आधी ए.आय.ला दिलं. यंत्राला इतकंच कळलं की खांद्यावर काहीतरी लांबट होतं आणि मागेही काहीतरी लांबट आहे. त्याने दोन्हींचा मेळ घातला. पडद्यावर वासंतीबाई अजगराचं डोकं खांद्यावर घेऊन, ते प्रेमाने धरून हसत होत्या.

"गडबड झाली," सुदर्शन म्हणाला. "पुन्हा सांगतो त्याला."

पुन्हा सांगितल्यावर यंत्राने अजगर पुसला. पण बाईंची बोटं काहीतरी धरून आहेत हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने तिथे नवा हात आणून ठेवला. तरणाबांड, केसाळ, बोटात पुष्कराज आणि मनगटाला स्मार्टवॉच.

अनंतराव खुर्चीतून उठले. "हा कोण?"

"कोणीच नाही काका. ए.आय. आहे."

"कोणीच नसलेल्या माणसाने माझ्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवायचं कारण काय?"

"तसं नाही काका, त्याला वाटलं..."

"त्याला काय वाटतं हे मला ऐकायचं नाही. त्याला आधी तिथून काढा."

दुकानात पासपोर्ट फोटोसाठी आलेली दोन माणसं आता उघडउघड पडद्याकडे बघत होती. त्यांतल्या एकाने दुसऱ्याला हळूच विचारलं, "काकूंचं काय मॅटर झालं?" अनंतरावांना घरी जावंसं वाटलं. घरी गेल्यावर हे सगळं वासंतीला कसं सांगायचं याची त्यांनी मनात जुळवाजुळव सुरू केली. 'पुष्कराज' या शब्दाशी ती हसायला लागेल इथवर ते आले, आणि मग थांबले. चष्मा पुसण्यासाठी खिशातून रुमाल काढला, तो तसाच हातात राहिला.

सुदर्शनच्या ते लक्षात आलं असावं. त्याने यंत्र बाजूला सारलं. "तुम्ही जा काका. मी हातानं करतो. उद्या पाठवतो फ्रेम करून."

फ्रेम आली. काम खरोखर उत्तम होतं. हात गेला होता, घड्याळ गेलं होतं, खांद्यावर पदराच्या निऱ्या नव्याने बसल्या होत्या. निळ्या पार्श्वभूमीवर वासंतीबाई स्वतःच्या खांद्यावर बोटं ठेवून हसत होत्या. स्पृहाला रडू आलं. सलीलने तो फोटो तीनतीनदा लांब जाऊन पाहिला. बाबुराव म्हणाले, "आता कसं स्वच्छ वाटतंय."

सगळे गेल्यावर अनंतराव फ्रेमसमोर बसले. परीक्षकाची सवय सुटत नाही. प्रकाश बरा होता. डोळे उघडे होते. मग त्यांची नजर बोटांवर गेली. ती मिटलेली होती. काहीतरी घट्ट धरताना मिटतात तशी. आणि आत काही नव्हतं.

एवढी घाबरलेली बाई, आणि तिच्या हातात काहीच दिलं नव्हतं.

तेराव्याच्या सकाळी बाहेरच्या खोलीत पाट मांडले जात होते, आचारी स्वयंपाकघरात जिलबीच्या पाकावरून कोणाला तरी रागावत होता. बाबुराव मंडईतून ताजा हार घेऊन आले आणि दारातच थबकले. चौरंगावर फ्रेम तीच होती, फोटो वेगळा होता. मागे अजगर परत आला होता. खांद्यावर हात परत आला होता. लाल पेनचा गोल आणि ती अक्षरं कापसाला कोलनवॉटर लावून पुसलेली. तरी गुलाबीसर डाग राहिला होता.

"अनंतराव, हे काय?"

"फोटो."

"अहो, पण चांगला केला होता की त्याने. हा हात..."

"हात तिथे होता, बाबुराव."

बाबुरावांनी हार दुसऱ्या हातात घेतला. पर्वतीची तार त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावी. पण या खेपेला त्यांनी ती जाऊ दिली. मग डागाकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ही पुसापुसी? नंतर केलेली चालते वाटतं?"

"ती लाल खूण फोटोत नव्हती. ती माझी होती."

सलील आतून आला, त्याने फोटो पाहिला, वडिलांकडे पाहिलं, आणि समई सरळ करू लागला.

"पण हार?" बाबुरावांचा आवाज आता अगदीच लहान झाला होता. "जिवंत माणसाच्या हाताला हार घालायचा म्हणजे..."

अनंतरावांनी चष्मा काढला नाही, पुसला नाही. म्हणाले, "तो हात तेवढा गेला असं धरून चाला. घाला हार."

बाबुरावांनी हार घातला. घालताना त्यांनी बरीच खटपट केली. हार अलीकडे घे, पलीकडे घे, एक शेवंती वर कर, एक खाली. शेवटी वासंतीबाईंचा चेहरा, डोळे आणि ती बोटं तेवढी मोकळी राहिली. घड्याळ फुलांखाली गेलं.

नाशिकच्या मावशी नमस्काराला वाकल्या, अजगर पाहून दचकल्या, आणि दचकलेल्या चेहऱ्यानेच हसल्या. फोटोतल्या बाई हसत होत्या अगदी तशा. कोणी काही विचारलं नाही.

पंगत बसली. माणसं बरीच होती आणि वाढायला हात कमी. सवयीने अनंतराव उठले आणि मठ्ठ्याची बादली उचलायला वाकले. बाबुरावांनी त्यांच्या हातातून ती काढून घेतली.

"डावा हात ना? तो गेलाय," बाबुराव म्हणाले. "बसा तुम्ही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलेलं अनंतरावांनी निमूट ऐकलं. ते भिंतीला टेकून, फोटोसमोर बसले. पंगतीत जिलबीचा आग्रह चालला होता, कोणाला तरी मठ्ठा अळणी लागला आणि त्याने मीठ मागितलं. अनंतरावांनी वर पाहिलं, अगदी पटकन, काहीतरी ऐकू येईल म्हणून.

मग त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला, आणि उजव्या हाताने त्याची बोटं वरून, घट्ट, धरून ठेवली.